सहा बोल्ट आणि मामाजींचं भिंग

माझे सासरे नंदलालजी पवनीचे विणकर. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. चाळीस वर्षं हातमाग चालवला आणि त्यातून एक सवय उरली: समोरच्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरायचं, खिशातलं घडीचं पितळी भिंग त्यावर ठेवायचं आणि इंचात धागे किती ते मोजायचं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या कोटाचे मोजले होते. त्याआधी अंतरपाटाचेही मोजले असावेत, कारण मंगलाष्टकं चालू असताना ते खाली वाकलेले मी पाहिले होते. निकाल दोन शब्दांत लागला. "मिलचं आहे." तेव्हापासून वीस वर्षं मी त्यांच्यापासून हातभर लांब बसत आलो.

माझा धाकटा भाऊ इश्वर सिहोऱ्याला धान करतो, आणि त्याच्याकडे एक जुनी लोडर आहे, पुढे बकेट, मागे खोदायचा हात. यंदा मार्चमध्ये गावतलावाच्या पाळीला भगदाड पडलं आणि त्याच आठवड्यात मशीन बसली. पाणी रोज वाहून जात होतं. खाली उन्हाळी धान उभा होता, इश्वरचा आणि आणखी तीसेक घरांचा. दुसरी मशीन पंधरा दिवस मिळणार नव्हती.

बिघडला होता तो टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसणारा हा घागरीएवढा बंद डबा. इंजिन त्यातलं तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोरावर पुढचं सगळं चालतं. मी शिकवतो त्या कॉलेजातही हीच पद्धत आहे, त्यामुळे मला ते लगेच समजलं. मूळ कंपनीच्या डब्याला महिना लागणार होता, म्हणून दुसऱ्या कारखान्याचा मी इंटरनेटवरून मागवला. घरात इंग्रजी वाचणारा मीच. 'तंतोतंत बसेल' हे मोठ्या अक्षरांत होतं, ते वाचलं. बारीक अक्षरं मी विद्यार्थ्यांसाठी ठेवतो.

डबा शनिवारी येणार असं कळल्यावर इश्वरने ग्रामसभेत उभं राहून सांगून टाकलं, "सोमवारी सकाळी मशीन पाळीवर राहीन." टाळ्या पडल्या. आमच्या घराण्यात टाळ्या पडल्या की पुढे काहीतरी होतंच.

शनिवारी डबा आला. तुमसरचा मेकॅनिक सचिन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दाखवायला मामाजी आमच्या तुमसरच्या घरी आले होते, त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मी त्यांनाही सिहोऱ्याला नेलं. अंगणात ते खाटेवर बसले. इश्वरने जुने सहा बोल्ट डिझेलमध्ये धुऊन वाटीत ठेवले होते आणि आमच्या आईने, सत्यभामाबाईने, त्यांना कुंकू लावलं होतं. हे बोल्ट डब्याला इंजिनमागच्या गोल पोलादी पाटीशी जखडतात. बारा वर्षं त्यांनी धरून ठेवलं होतं, तेव्हा कुंकवाचा मान त्यांचाच.

सचिनने एक बोल्ट नव्या डब्याच्या भोकात लावून बोटाने फिरवला. सरसर आत गेला.

"पाह्यलं सर? पाना बी नाई लागून राह्यला. जसा काही याच्यासाठीच जन्मला."

मी कौतुकाने मान हलवली. खरेदी माझी होती.

"डगमगते तो," खाटेवरून मामाजी म्हणाले.

"काय गा, बाबाजी?"

"बोल्ट. आत जाऊनही डगमगते."

"कसल्यावर होते न घट्ट," सचिन म्हणाला. "तुमी ऊन नका खाऊ, सावलीत बसा."

"मागाची फणी जुळत नसली त मीही कसत होतो, बापू. दिसाले घट्टच दिसते. कापड मंग फाटते."

इश्वर वैतागला. "मामाजी, हे लोखंड आहे. लुगडं नाई."

मामाजी खाटेवरून उठले. आईला म्हणाले, "ताई, साबन द्या जरा."

"आंघोळीचा का कपड्याचा?"

"जो मऊ असन तो."

त्यांनी साबणाची बोटभर लांब चिपाटी कापली, भोकात घालून एका बाजूला दाबली आणि अलगद सरळ बाहेर काढली. चिपाटीवर आतल्या आट्यांचे ठसे उमटले होते. ती त्यांनी बोल्टला खेटून ठेवली, वर भिंग ठेवलं आणि वाकून मोजलं.

"पाहा, जवाईबापू."

वीस वर्षांत त्या भिंगाच्या वरच्या बाजूला मी पहिल्यांदाच गेलो. सुरुवातीला दोन्हीकडचे आटे हातात हात घालून चालले होते. मग हळूहळू साबणातले पुढे निघाले. अर्ध्या इंचावर बोल्टचे आठ झाले होते आणि साबणातले साडेआठ. एकाचा डोंगर, दुसऱ्याची दरी.

"म्हणजे दोन-तीन आट्यांवरच धरलं असतं सगळं," सचिन हळू आवाजात म्हणाला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. "जुना इंचाचा, नवा मिलिमीटरचा. पाळीच्या चढावर जोर लागला असता न आटे सोलून निघाले असते. नवा डबा गेला असता. अन् मशीन..." त्याने मागे हात केला. मागे तलाव असतो.

मशीनच्या सीटवर त्या वेळी इश्वर असता. तो बकेटच्या कडेवर बसला.

"सर, डब्यासंगं कागद आला असन ना?"

आला होता. माझ्याच खिशात होता. त्याच्या मागे मी भाजीची यादी लिहिली होती. पुढच्या बाजूला स्वच्छ लिहिलेलं: जुने बोल्ट वापरू नयेत, दहा मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर आट्याचे, डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा आकडा असलेले घ्यावेत. टोक भोकाच्या तळाला टेकू नये. मी मोठ्याने वाचलं.

"वांगे अर्धा किलो पन वाच," इश्वर म्हणाला.

टेकलं तर आतून डब्याचा पत्रा फुगतो, असं सचिनने सांगितलं. तेव्हा मामाजींनी धानाच्या तणसाची एक काडी भोकात तळापर्यंत घातली आणि नखाने खूण केली. त्यात पाटीची जाडी मिळवली, तीन मिलिमीटर मोकळे सोडले आणि काडी तोडली. ती काडी घेऊन आम्ही तुमसरला शोभाताईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मला तिथले चकचकीत स्टीलचे बोल्ट आवडले.

"ते कोयंड्याले लावा, सर," शोभाताई म्हणाल्या. "गंजत नाई, पन एवढा जोर धरत नाई." त्यांनी काळे, कळकट दिसणारे सहा काढले, डोक्यावरचे आकडे दाखवले आणि काडीशी एकेक लावून पाहिला. मामाजींनी तरी भिंग काढलंच. शोभाताईंना राग आला नाही. त्यांनी दिवा जवळ ओढला.

रविवारी सचिनने ते बसवले. प्रत्येक बोल्ट पहिल्या आट्यापासून अंगासरशी गेला, डगमगला नाही. मग जोर मोजणाऱ्या पान्याने कसले.

सोमवारी सकाळी मशीन पाळीवर चढली. चढावर इंजिन जडावलं, काळा धूर निघाला, आणि तीस घरांच्या माणसांबरोबर मीही श्वास रोखून उभा राहिलो. मनातल्या मनात सहापर्यंत मोजत होतो. ती चढली. इश्वरने बकेटभर मुरूम भगदाडात टाकला, मग दुसरी बकेट, आणि दुपारपर्यंत पाणी थांबलं. खाली येऊन तो सरळ मोहाच्या सावलीत बसलेल्या मामाजींच्या पाया पडला. "धूळ आहे अंगाले," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. हातभर अंतर न ठेवता. आभार कसे मानायचे याची वाक्यं माझ्याकडे भरपूर असतात, दर निरोप समारंभाला मलाच उभं करतात. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं. शेवटी मी शर्टाची बाही त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंग उघडलं, बाहीवर ठेवलं आणि नवा डोळा लावून सावकाश मोजलं.

"मिलचंच आहे," ते म्हणाले. भिंगाची घडी घालत पुढे म्हणाले, "पन वीण बरी आहे."