कबुलीतला खोकला

नवा पाळक त्या चर्चमध्ये एका वर्षाच्या बोलीवर आला होता. पंचांनी मान डोलवली तर कायम, नाहीतर बायकोसकट बोचकं उचलायचं. म्हणून पहिल्या रविवारी तो जरा बिचकतच उभा राहिला. मंडळी एका सुरात विश्वासाची कबुली, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी दर रविवारची ठरलेली वाक्यं, म्हणू लागली. ख्रिस्त मेला, पुरला गेला, इथवर ठीक. मग अख्खं चर्च एकदम खोकलं. दोन ठसके, खालच्या सुरात एक घरघर, आणि पुढे थेट ‘स्वर्गात चढला’.

मधलं पुनरुत्थान गायब!

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आधीच्या थोरल्या पाळकांना दमा होता, आणि तो नेमका त्याच ओळीवर उसळायचा. मंडळी ऐकून पाठ करणारी. पुस्तकात बघून म्हणतो त्याचा विश्वास कच्चा, अशी तिथली समजूत. जसं कानी पडलं तसं तोंडी बसलं. आता गायकमंडळी खोकला दोन आवाजांत घ्यायची, रविवारच्या शाळेत पोरांकडून तो घोटून घेतला जायचा, आणि बाप्तिस्म्याला आणलेलं तान्हं आपणहून ठसकलं की आजीला धन्य धन्य वाटायचं. घशाची गोळी चघळत आत यायला सक्त मनाई होती.

पुढच्या रविवारी पाळकाने खोकल्याच्या जागी गाळलेलं वाक्य खणखणीत म्हटलं. झालं, पंच खवळले. त्यांतले मोठे कुलपकाका. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, बायको चर्चमागच्या दफनभूमीत निजलेली, आता श्रद्धेला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून बसलेले.

“पाळकसाहेब, काळ बदलतोय हे आम्हालाही कळतं,” ते म्हणाले. “पण म्हणून बापजाद्यांच्या विश्वासात नवीन गोष्टी घुसडायच्या?”

पाळकाने छापील पुस्तक पुढे केलं. ही हल्लीच्या छापखान्यांची थेरं, असं ठरलं. शेवटी निवाडा थोरल्या पाळकांवर सोपवला. त्यांनी येऊन कबुली म्हणायची. ते खोकले, तर नव्या पाळकाने सामान बांधायचं. त्याच्या बायकोने कपबशा रद्दीत गुंडाळायलाही घेतल्या.

थोरले आले. कोरड्या हवेच्या गावी राहून माणूस टवटवीत झालेला. ‘पुरला गेला’ झालं, आणि सगळ्यांनी छात्या भरून घेतल्या.

“तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला,” थोरले स्वच्छ म्हणाले आणि पुढे गेले. भरलेल्या छात्या तशाच राहिल्या.

बाहेर एक पंच कुजबुजला, म्हातारा तिकडे जाऊन बिघडला. कुलपकाकांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि थोरल्यांची बाही धरली.

“बाबा, हे आधीपासून होतं?”

“होतं तर. बाकीचं सगळं त्याच्या जिवावर. माझा दम तिथेच संपायचा.”

“मग हिला पुरलं त्या दिवशी...”

“त्या दिवशीही खोकलोच रे.”

“मीही,” कुलपकाका म्हणाले.

पंचांनी तोड काढली. नवा पाळक कायम. पण वाडवडिलांची रीत मोडायची नाही, आधी खोकायचं, मग वाक्य. पवित्र शब्दांआधी घसा साफ हवा, असा त्याला अर्थही मिळाला, आणि त्यावर पाळकाला एक प्रवचनही द्यावं लागलं.

कुलपकाका मात्र खोकत नाहीत. बाकीच्यांचे ठसके चालू असतात तेवढ्यात ते एकटेच ते वाक्य म्हणून घेतात, त्या दिवशी राहून गेलेलं. मग सगळ्यांबरोबर पुन्हा एकदा.