शेवटच्या खाचेची गोल कड

किल्लीवालीच्या दुकानात घडवलेली किल्ली कधी उघड्यावर पडलेली नसे. शेवटचा हात फिरला, की ती थेट फडक्यात. तिच्या वडिलांनी कानस हाती देण्याच्या आधी तिला हे शिकवलं होतं. किल्ली म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराची झाकली मूठ. ज्याला खाचा वाचता येतात, त्याला ती एकदा बघितली तरी पुरते.

मग भिंगरी आली. भिंगरी म्हणजे तिची नणंद. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची कचेरी बंद पडली आणि ती वहिनीच्या दुकानात येऊन बसली, ती फोन घेऊनच.

"वहिनी, तुझे हात तू कधी बघितलेस का गं? पितळेचा कीस पडतो, कानस कुरकुरते, आणि तू आपली गुणगुणत असतेस. लोक असलं बघत बसतात."

"मी गुणगुणते?"

"नाही, दुकानात भूत आहे."

गुणगुणायची ती. लोखंडाशी बोलल्याशिवाय लोखंड वळत नाही, असं तिला वाटे. शब्द तिचेच, कधीतरी हाताच्या ठेक्यात आपोआप जुळलेले:

घास गं कानशी, हळू हळू घास
दाराच्या पल्याड माझ्या लेकराचा श्वास

भिंगरीने फोन किल्ली आवळून धरणाऱ्या शेगड्याशेजारी उभा केला आणि ते हात, तो कीस, ते गाणं जगाला दाखवलं. आणि जग आलं. मोडकं कुलूप घेऊन लांबून माणसं यायला लागली. 'हाताने घासलेलीच किल्ली हवी' म्हणायला लागली. जिथे दुपारी माशी उडवायलाही कुणी नसे, तिथे बाकावर जागा मिळेना. किल्लीवालीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आयुष्यभर पाठमोरं बसून केलेल्या कामाला कुणीतरी समोरून बघितलं होतं.

"फक्त एकदा उजेडात धर ना," भिंगरी म्हणे. "झाली की लगेच फडक्यात कोंबतेस. लग्न लागायच्या आधी नवरीला घरात नेल्यासारखं."

ती नाही म्हणत राहिली. आणि एक दिवस तिने धरली. खिडकीतून ऊन येत होतं, किल्ली मनासारखी उतरली होती, आणि हात आपसूक वर गेला. पितळ झळकलं. दाते उन्हात डोंगराच्या रांगेसारखे दिसले.

ती किल्ली नर्सबाईची होती.

नर्सबाई हळू बोलायची. नवऱ्याचं घर सोडून, मुलीला घेऊन, गल्लीच्या टोकाच्या इमारतीत मधल्या मजल्यावर राहायला आली होती. नवऱ्याबद्दल ती एवढंच म्हणाली होती, "तो कधी ओरडत नाही. तेच वाईट आहे." कुलपाचा गाभा, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलून घेताना तिने सांगितलं, "दोनच किल्ल्या. एक माझी, एक हिच्या गळ्यात. तिसरी जगात नको." तिची मुलगी खारू पायांतल्या पिवळ्या बुटांनी शेगड्याच्या लाकडावर ठेका धरून गाणं पाठ करत होती. भिंगरीने विचारलं, "व्हिडिओत नुसते हात घेऊ का?" थकलेली बाई म्हणाली, "आमचा चेहरा नको म्हणजे झालं."

चेहरा आला नाही. किल्ली आली. दार आलं, कुलूप बसवतानाचं. दाराशेजारी पिवळे बूट आले, एकाची नाडी लाल. जिन्याच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची गोल टाकी आली. दाराला आतून कडी नव्हती. ती पुढच्या आठवड्यात बसवून देते, असं किल्लीवालीने कबूल केलं होतं. पण तोच व्हिडिओ इतका चालला, की गर्दीत कडी राहून गेली.

त्या दुपारी दुकान जरा रिकामं होतं. भिंगरी बाकावर मांडी घालून लोकांचे शेरे मोठ्याने वाचत होती.

"हे ऐक. 'ताई, तुमच्या कानशीचा आवाज ऐकून माझं बाळ झोपतं.' आणि हा एक: 'माझ्याशी लग्न कराल का?' याला काय सांगू? दादा परगावी आहे, तोवर चान्स आहे म्हणून?"

"सांग, आधी कुलूप घेऊन ये."

"आणि हा तर किती गोड आहे. सकाळी लिहिलंय. 'तुमच्या हातची कला आमच्याही घरी आली.' तुझी बघून किल्ली केलीय बघ कुणीतरी. फोटो टाकलाय. मी बदाम पाठवला त्याला."

किल्लीवालीने हात पुसत फोन घेतला. एक तळहात होता, त्यावर एक किल्ली. नावाच्या जागी काही नव्हतं, चेहऱ्याच्या जागी मावळता सूर्य.

तिने खाचा वाचल्या. उथळ, खोल, खोल, उथळ. आणि शेवटची. शेवटच्या खाचेची कड गोल होती.

यंत्र अशी कड गोल करत नाही. कुठलाच किल्लीवाला करत नाही. तीच करायची, वडिलांच्या बोटाला एकदा धारेने कापलं होतं, तेव्हापासूनची सवय. आणि खारूच्या गळ्यात किल्ली राहणार, कोवळ्या कातडीला टोचू नये, म्हणून त्या दिवशी तिने ती जरा जास्तच गोल केली होती. कुणीतरी तिच्याच व्हिडिओवरून, तिच्या मायेसकट, ती किल्ली उतरवून घेतली होती. आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी. कुणाची आहे हे न विचारता.

"वहिनी? अगं, अशी पांढरी काय पडलीस?"

"तिसरी किल्ली," ती म्हणाली. "जगात आली."

भिंगरीला कळायला क्षणभर लागलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. "मी त्याला बदाम पाठवला गं."

नर्सबाईचा फोन बंद होता. वॉर्डात बंदच ठेवावा लागे. दवाखान्याच्या टेबलावर कुणीतरी निरोप लिहून घेतला, तो पोचवला की नाही कोण जाणे. शाळा सुटून गेली होती. खारू घरात एकटी होती. भिंगरी चौकातल्या पोलीस चौकीकडे पळाली, आणि किल्लीवाली पिशवीत पेचकस आणि नवा गाभा टाकून गल्लीच्या टोकाकडे. दुकान उघडंच राहिलं. कुलूपं विकणारीचं दुकान, सताड.

गल्ली रोजचीच होती. कुणी कपडे झटकत होतं, कुणी फोनवर हसत होतं. बाकावर एक माणूस मान खाली घालून फोन बघत होता. ती त्याच्यापासून लांबून गेली. फोनमध्ये मान घातलेला प्रत्येक माणूस नर्सबाईचा नवरा असू शकत होता. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने मात्र तिला कितीतरी वेळा पाहिलं होतं.

जिना चढताना खिडकीतून गोल टाकी दिसली. व्हिडिओत दिसली होती तशीच.

तिने दार वाजवलं. आत काहीतरी सरपटलं आणि गप्प झालं.

"खारू, बाळा, दार उघड. मी किल्लीवाली मावशी."

"आईनं सांगितलंय, कुणालाच नाही उघडायचं."

"बरोबर सांगितलंय. पण मला उघड."

"तू किल्लीवाली आहेस ना? मग तुझं तू उघड की."

एरवी ती हसली असती. तिने कपाळ दाराला टेकवलं, आणि जिन्याखाली कुणी ऐकू नये इतक्या हळू म्हटलं, "घास गं कानशी, हळू हळू घास…"

आतून बारीक आवाज आला, "दाराच्या पल्याड माझ्या लेकराचा श्वास." आणि दार उघडलं.

आत शिरून तिने दार लावलं. पिशवी खाली ठेवली, पेचकस हातात घेतला, आणि जिन्यात पाऊल वाजलं.

एक माणूस. घाई नाही. सणावाराला पाहुणा येतो तसा, एकेक पायरी मोजून घेतल्यासारखा.

गाभा काढायला आता वेळ नव्हता. काढला असता, तर दाराला नुसतं भोक राहिलं असतं. "किल्ली दे," ती ओठांनीच म्हणाली. खारूने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. किल्लीवालीने ती आतून कुलपात घातली, जराशी वळवली, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. या कुलपात आतली किल्ली वळलेली असेपर्यंत बाहेरची पुरती शिरत नाही. हे तिला ठाऊक होतं. तिचे हात मात्र विश्वास ठेवायला तयार नव्हते.

पावलं दाराशी थांबली. मग अगदी गोड, मऊ आवाजात, कुणीतरी गायला लागलं.

"घास गं कानशी, हळू हळू घास…"

खारूने चमकून मावशीकडे पाहिलं. तिचे ओठ सवयीने उघडले, पुढची ओळ म्हणायला. किल्लीवालीने जोरजोरात मान हलवली. मुलीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळे तेवढे मोठे होत गेले.

"खारे, बाबा आलाय. म्हण ना पुढचं. मला सगळं पाठ आहे. रोज बघतो मी."

किल्लीवालीचं गाणं होतं ते. दुकानातल्या एकटेपणाचं, स्वतःच्या पोटी न आलेल्या लेकराचं. ते या माणसाच्या जिभेवर बसलं होतं, आणि त्याच्या तोंडी एक शब्दही बदलला नव्हता.

मग कुलपात बाहेरून किल्ली शिरली.

तिला ती बोटांना कळली. पहिला दाता सरकला, दुसरा सरकला, कुलपातल्या खिट्ट्या उचलल्या गेल्या. आपणच घासलेल्या खाचा, आपल्याच हाताचं काम, पलीकडून तिच्याकडे चालून येत होतं. आणि शेवटची खाच गोल होती म्हणून कुठेही न अडखळता, अगदी सुखाने येत होती. मग किल्ली आतल्या किल्लीला भिडली आणि थांबली.

त्याने रेटली. तिने धरून ठेवली. पितळाला पितळ लागलं होतं, आणि मधे बोटभराचं अंतरही नव्हतं. त्याचा श्वास दाराच्या फटीतून ऐकू येत होता. तिने आपला कोंडला.

"आत कुणीतरी आहे वाटतं," तो म्हणाला. रागाने नाही. "कोण, किल्लीवाल्या ताई?"

तिने किल्ली आणखी घट्ट धरली.

"हात थरथरताहेत तुमचे. व्हिडिओत किती स्थिर असतात."

खालून भिंगरीचा आवाज आला, सगळी इमारत उठेल असा, "वहिनी! वहिनी गं!" शेजारची दारं उघडली. बाहेरची किल्ली मागे सरकली, एकेक दाता सोडत. पावलं खाली गेली. आताही घाई नव्हती.

भिंगरी धापा टाकत वर आली, तिच्यामागे पोलीस. दार उघडून घ्यायलाही वेळ लागला, कारण किल्लीवालीची बोटं किल्लीवरून सुटत नव्हती.

"जिन्यात कोण भेटलं तुला?"

"कुणी नाही. एक माणूस होता फक्त. भिंतीला सरकून मला वाट दिली त्याने." भिंगरी बोलता बोलता थांबली. "म्हणाला, 'तुमचे व्हिडिओ फार छान असतात.' वहिनी, मी त्याला थँक्यू म्हटलं."

ती आत येऊन मटकन जमिनीवर बसली आणि रडायला लागली. पोलीस खाली धावला. गल्लीत माणसं चालत होती, बरीचशी फोन बघत. त्यात तो नव्हता, किंवा होता.

निरोप पोचला होता. नर्सबाई आली ती दवाखान्याच्या कपड्यांतच. तिने मुलीला पोटाशी धरलं, बराच वेळ धरलं. मग विचारलं, "काढून टाकला तो व्हिडिओ?"

"काढला," भिंगरी म्हणाली. "सगळेच काढले. अख्खं पानच बंद केलं."

"आणि ज्यांनी बघितलाय, त्यांच्यातून कसा काढणार?"

किल्लीवालीने पिशवीतून नवा गाभा बाहेर काढला. कारखान्यातून आलेला, अजून पाकीट न फोडलेला, आत त्याच्या किल्ल्या. आधी तिने दाराला कडी ठोकली, राहून गेलेली. मग कुलूप खोललं, जुना गाभा काढला, आणि पाकीट नर्सबाईच्या हातात दिलं.

"हे तुम्ही फोडा. तुम्हीच बसवा. कसा बसवायचा ते मी सांगते."

"तुम्ही का नाही?"

"नवी किल्ली मी बघितली, तर माझ्या डोळ्यांत राहील. माझ्याही डोळ्यांत नको."

नर्सबाईने तिच्याकडे पाहिलं. रागाने की मायेने, ते कळलं नाही. मग तिने पाकीट फाडलं. किल्लीवालीने पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि सांगत गेली. आता सरळ धरा. आता आत ढकला. आता पेच, हळूच, फार आवळू नका. मागे किल्ल्यांचा किणकिणाट झाला आणि तिने डोळेही मिटून घेतले.

"मावशी," खारू कुजबुजली, "गाणं म्हण ना. घाबरलीस की म्हणतेस ते."

किल्लीवालीने तोंड उघडलं. पण तिला फक्त तो मऊ आवाज ऐकू आला.

"नवं शोधूया," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "आणि ते कुणाला म्हणून दाखवायचं नाही."

तेवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. कुणीतरी वर येत होतं, एकेक पायरी. नर्सबाईचा पेचकस थांबला. भिंगरीने उठून दार लोटलं आणि नवी कडी लावली. चौघी दाराकडे बघत उभ्या राहिल्या, आणि पावलं दाराशी आली, जरा थबकली, आणि पुढे वर गेली.

वर कुणीतरी आपलं दार किल्लीने उघडलं. तो आवाज संपेपर्यंत त्यांच्यातलं कुणी हललं नाही.