ठ, ड आणि माझे दोन कान

मी ठकूचा कापडी हत्ती बोलतोय. खरं तर मला तोंडच नाही. ठकूच्या आईने पोटुशी असताना बाबांच्या जुन्या शर्टातून मला बेतलं, सुपाएवढे कान लावले, आणि तोंडापर्यंत येते तोच तिला कळा सुरू झाल्या. तेव्हापासून माझं काम एकच, ऐकणं. आज त्याच कानांना चिमटे लावून मला दोरीवर वाळत घातलंय. का, ते ऐका.

या घरात एक भाषा, दाराबाहेर दुसरी. बाहेरची लोण्यासारखी, शब्द ओठांवरून घसरतात. साडेतीन वर्षांची ठकू पाळणाघरात तीच बोलते आणि तिथल्या बाई म्हणतात, "किती गोड मुलगी." तीच मुलगी घरी आली की माझी सोंड पिळून दरडावते, "गप. उठ. थोबाड फोडीन."

आईची झोप उडाली. आधी संशय पाळणाघरावर, मग सासूबाईंच्या फोनवर, शेवटी थेट भाषेवर.

"ट, ठ, ड. तोंडात खडे घेऊन बोलल्यासारखं," ती अंथरुणात म्हणाली. "माझंच बघ. ऑफिसात दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते, बाहेरच्या भाषेत. आवाज चढत नाही. घरी आले की तोफखाना."

"मग तिचं नाव ठकू कोणी ठेवलं?" बाबांनी कूस बदलली.

"तुझ्या आईंनी."

"आणि चार घरं दणाणतील अशी हाक कोण मारतं?"

आईने पांघरूण डोक्यावर ओढलं. पोरगी भांडकुदळ निघाली तर खापर आपल्याच माथी, हे तिने धरूनच ठेवलेलं. सकाळपासून घरची भाषा बंद.

मला ते पटेना. मला शिवताना ती पोटाशी बोलायची, 'बाळा, जवळच आहे हं मी.' त्यातला ळ अजून माझ्या कानांत आहे. तोही याच भाषेतला, पण तो तिने हिशेबात धरलाच नाही.

आता घरात ऑफिसचा आवाज आला. ठकूने भिंत रंगवली. आई मऊ. ठकूने बूट फ्रिजमध्ये ठेवले. आई मऊच. ठकूने दाराकडे वळून पाहिलं, कोण पाहुणे आलेत म्हणून. मग माझ्या कानात कुजबुजली, "आई कोणाशी बोलतेय?"

आई, मला तोंड शिवायचं राहू दे. या घरात तोंडं पुरेशी आहेत.

आज ठकूने मला फरशी पुसायच्या बादलीत बुडवलं, आईच्या डोळ्यांत बघत. आईचा जबडा आवळला. पण सवयीने तिच्या तोंडून फोनवरचंच वाक्य बाहेर पडलं, त्याच लोण्यासारख्या भाषेत, "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ठकूने मला बादलीतून ओढून काढलं. मला तसंच ठिबकतं छातीशी धरून ती घरच्या भाषेत म्हणाली,

"आई, मला नीट रागव ना."