समासातले सेकंद

मी एक प्रश्नसंच बोलतोय. माझ्या बांधणीच्या दोऱ्याची शपथ घेऊन सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे तसं माझ्यात जन्मापासून एक अक्षर खोटं आहे, पण तो छापखान्याचा दोष, माझा नव्हे. शिवाय सांगताना मी तिखटमीठ लावतो अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. ती खरी आहे. शपथही खरी आहे. दोन्ही एकदम कशा खऱ्या, ते मला विचारू नका. असले प्रश्न माझ्या पोटात शेकड्यांनी पडलेत आणि प्रत्येकाला चार पर्याय आहेत.

वय पाच वर्षं. आमच्यात ही पन्नाशीच समजायची. पाठ धरते, कोपरे सुटतात, आणि नवी आवृत्ती निघाली की लोक आपल्याकडे दयेने बघतात. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा असते ना, तिची तयारी करून घेणं हा माझा उद्योग. सहाशे बारा पानं, दोन हजारांवर प्रश्न, शेवटी उत्तरसूची. मी बांधून तयार झालो तेव्हा बांधणाऱ्याने माझ्यात बोटभर रुंदीचं एक चिटोरं सरकवलं. शुद्धिपत्र. 'पान २१४, प्रश्न ३७ : उत्तर ड ऐवजी ब वाचावे.' बारसं व्हायच्या आत बदनामी! मी ते चिटोरं हळूच मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कव्हराच्या घडीखाली चिकटवून घेतलं आणि गप्प बसलो.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने, थोरल्या मुलासाठी. घरात त्या मुलाला सगळे दादाच म्हणत. बाबांनी माझ्यासोबत त्याच्या हातात एक जुनं चावीचं स्टॉपवॉच ठेवलं. नियम एकच. प्रत्येक प्रश्नाशेजारी, समासात, उत्तर लिहायचं आणि लागलेला वेळ लिहायचा. रोज संध्याकाळी दुकान बंद करून आले की बाबा विचारत, "आज किती?" आणि माझी पानं उलटून बघत.

दादा लिहायचा. शिसपेन्सिलीने, मोत्यासारख्या अक्षरात. 'ब, ५० से.' 'क, १ मि. २० से.' बघणाऱ्याला वाटावं, पोरगा आहे की यंत्र.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. स्टॉपवॉच खणात, मोज्यांच्या खाली. दादा दार लावून घ्यायचा, मागची उत्तरसूची उघडायचा, पंचवीस उत्तरं उतरवायचा, मनाला येतील ते सेकंद टाकायचा. मग उरलेले दोन तास माझ्या एकशे बाराव्या पानावर गाल टेकून झोपायचा. त्याच्या केसांच्या तेलाने तिथे एक डाग पडलाय. तो डाग इतका पारदर्शक आहे की त्यातून पुढच्या पानावरची अक्षरं वर येतात.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवरून निघाला. चौकातून केंद्र पूर्वेला. ट्रकने उडवलं ते पश्चिमेच्या रस्त्यावर, चौकाच्या सात किलोमीटर पुढे.

घरात ठरून गेलं, की दादाचा रस्ता चुकला. कुणी बसून ठरवलं नाही, आपोआप ठरलं. सात किलोमीटर माणूस रस्ता कसा चुकतो, हे त्या घरात तीन वर्षं कुणी विचारलं नाही. मी खोलीत फळीवर होतो. त्या खोलीत भर दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र, आणि मग फुंकर.

तीन वर्षांनी मला खाली काढलं ते धाकटीने.

धाकटी सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसाला शंभर माणसांना 'क्षमस्व' म्हणायचं. वरच्या जागेसाठी व्यवस्थापनाची पदवी लागते असं साहेबांनी सांगितलं, आणि हिने भीतभीत फॉर्म भरला तेव्हा परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. लोक आठ महिने अभ्यास करतात. तिने मला पिशवीत घालून ऑफिसात नेलं. शेजारच्या फोनवर एक उंचेला गृहस्थ बसायचा. तीनदा परीक्षा देऊन तिन्हीदा आपटलेला, म्हणून सगळे त्याला 'माजी विद्यार्थी' म्हणायचे.

"सहा आठवडे?" माझी पानं चाळत तो म्हणाला. "बाई, एवढ्या वेळात माझं वेळापत्रक आखून व्हायचं. रंगीत पेनांनी."

"तीनदा आखलंत ना? मग एक मला द्या."

"देतो की. कोरं करकरीत आहे, वापरलेलंच नाही." मग त्याचं लक्ष समासाकडे गेलं. "हे कुणाचं? पन्नास सेकंदांत? हा माणूस कुठल्या संस्थेत गेला?"

धाकटी म्हणाली, "गेला." फोन वाजला. तिने तो उचलला आणि कुणाची तरी क्षमा मागितली.

तिथून तिचं मागे धावणं सुरू झालं. पहाटे उठून दादाच्या खोलीत, दादाच्या खुर्चीत. समोर मोबाइलचं घड्याळ, शेजारी दादाचे सेकंद. ती साडेचार मिनिटांत सोडवायची आणि समासात बघायची, तर 'एक मिनिट'. पुढचा सहा मिनिटांत, तर 'चाळीस सेकंद'. उत्तर बरोबर आलं तरी तोंड पडायचं. जिवंत माणसाशी शर्यत असती तर तो कधीतरी दमला असता, कधीतरी पाणी प्यायला थांबला असता. हा थांबतच नव्हता. प्रत्येक पानावर तो तिच्या आधी पोचलेला.

दाराबाहेरून आई हाक मारायची, "झालं का रे?" आणि मग गडबडीने, "झालं का गं?"

चौथ्या आठवड्यात तिला त्याचे भास व्हायला लागले. प्रश्न वाचायला घेतला की मानेवर श्वास जाणवायचा. ती वळून बघायची. मागे कपाट.

जेवताना आई सहज म्हणाली, "दादा कसा भराभर सोडवायचा, नाही? मी चहा ठेवेपर्यंत दहा झालेले असायचे."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिला जेवू दे," एवढंच म्हणाले.

परीक्षेला आठ दिवस उरले. रविवार. पान २१४, प्रश्न ३७. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत. तळाच्या गळतीने भरलेली टाकी आठ तासांत रिकामी होते. दोन्ही नळ चालू आणि गळतीही चालू, तर टाकी किती वेळात भरेल?

धाकटीचं उत्तर आठ तास. पर्याय ब. सूचीत ड, चोवीस तास. समासात, मोत्यासारखं : 'ड, ५० से.'

तिने पुन्हा सोडवला. आठ. कोऱ्या कागदावर, टाकीचं चित्र काढून, आठ. "दुसरा नळ बंद धरला तर चोवीस येतात," ती पुटपुटली, "पण तो चालू आहे म्हटलंय ना!" अडीच तास गेले. शेवटी ती समासावर बोट ठेवून अगदी हळू म्हणाली, "दादा, सांग ना रे. तुला काय दिसलं?"

मला घसा असता तर मी ओरडलो असतो. त्याने काही पाहिलंच नव्हतं गं!

ती बाहेर गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मी परीक्षेला बसत नाहीये."

"अगं, फॉर्म भरलायस ना?" आई म्हणाली.

"भरला म्हणून काय झालं? दादानेही भरला होता."

मग खुर्ची सरकली. बाबांनी चपला घातल्या आणि रविवार असून दुकानात निघून गेले.

सोमवारी धाकटी ऑफिसला गेली. आई शिवणाच्या वर्गाला. दुपारचे दोन वाजले असतील. आणि मी, वाचकहो, इतक्या वर्षांची लाज गिळून अंगातला सगळा जोर काढला. पाठीचा दोरा ताणला. पानांमागून पानं उलटवली. मागच्या पुठ्ठ्याचं ते चिटोरं सोडवलं, दोनशे चौदाव्या पानावर आणून ठेवलं आणि उताणा पडून राहिलो.

संध्याकाळी धाकटी खोलीच्या दारातच थिजली. सकाळी तिने मला बंद करून फळीवर टाकलं होतं. आता मी टेबलावर, त्याच पानावर उघडा.

"आई, दादाच्या खोलीत कोण आलं होतं?"

"कुणी नाही गं. मी आत्ताच येतेय."

बाबा आल्यावर तिने त्यांनाही विचारलं. ते मोरीत हात धूत होते. "मी दुकानात होतो," ते म्हणाले.

धाकटी खोलीत परत गेली. तिने ते चिटोरं वाचलं. 'ड ऐवजी ब वाचावे.'

म्हणजे आठच! ती टाळी वाजवणार होती. हात वर गेले आणि तसेच राहिले. सूची चुकलेली होती. मग दादाचं 'ड' कुठून आलं?

खाली बसून ती एकेक पान बघायला लागली. कच्चं काम कुठेच नाही. साधी बेरीजसुद्धा नाही. आणि सेकंद : चाळीस, पन्नास, वीस, तीस. सगळे गोल. तिचे स्वतःचे कधी गोल आले नव्हते.

"मग दार लावून तू करायचास तरी काय?" ती म्हणाली.

एकशे बारावं पान आलं. इतके दिवस तिला वाटायचं, खाताना तेल सांडलं असेल. तिने डागावर बोट फिरवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक चेहरा मापला म्हणा ना. शिवणीत एक आखूड केस अडकलेला होता. तो तिने काढला नाही. ती खुर्ची पुढे ओढून वाकली आणि त्या डागावर तिने गाल टेकला. बरोबर बसला. रडली की नाही ते सांगता यायचं नाही. डोळे मिटलेले होते आणि माझा कागद ओला झाला नाही. पण बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सांगायचंस ना रे मला."

त्या दिवसापासून मानेवरचा श्वास थांबला. तिने शाईचं पेन घेतलं आणि दादाच्या आकड्यांखाली आपले लिहायला लागली. '६ मि. १३ से.' '११ मि. ०७ से., चुकलं.' दोन हजार प्रश्न होणं शक्यच नव्हतं. झाले तेवढे झाले. दादाचं एकही अक्षर तिने खोडलं नाही.

परीक्षेच्या सकाळी बाबा उंबऱ्याशी उभे होते. हातात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं स्टॉपवॉच.

"आत नेऊ देत नाहीत हो बाबा असलं काही."

"माहितीय. नुसतं पिशवीत राहू दे." ते फडक्याची घडी सारखी करत राहिले. "ह्याची स्प्रिंग वापरलं की सैल पडते. मी दर रविवारी चावी द्यायला घ्यायचो त्याच्याकडून. आठ महिने ती घट्टच असायची."

"बाबा, म्हणजे तुम्हाला..."

"दर संध्याकाळी 'आज किती' विचारायचो. दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही मला." त्यांनी ते तिच्या पिशवीत, माझ्या शेजारी ठेवलं. "उशीर होतोय तुला. आणि हे बघ, चौकातून कुठेही वळलीस तरी चालेल. फक्त संध्याकाळी घरी ये."

चौकात ती थांबली. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मागच्या रिक्षावाल्याने दोन शिव्या हासडल्या. पश्चिमेच्या रस्त्याकडे तिने पुरतं बघून घेतलं. मग पूर्वेला वळली.

मोठ्या नावाची संस्था काही मिळाली नाही. संध्याकाळच्या वर्गांची एक बेताची संस्था मिळाली. नोकरी सांभाळून ती तिथे जाते आणि फोनवर आता क्षमा जरा कमी मागते म्हणे. मी सध्या माजी विद्यार्थ्याकडे असतो. चौथी खेप. रंगीत वेळापत्रक माझ्यातच घडी घालून ठेवलंय. एक विनंती आहे. मी पुढे कुणाच्याही हाती पडलो तरी समासातली पेन्सिल खोडू नका, आणि आपला वेळ लिहाल तो खरा लिहा. मला वाचणारं कुणी नसतं असं समजू नका.

राहता राहिली शपथ. मी आपणहून उघडलो, ते खोटं. सहाशे पानांचं धूड आपणहून कूस बदलत नाही. चिटोरं लाजेने मी चिकटवलं, तेही खोटं. मला घरी आणलं त्याच दिवशी, हरवू नये म्हणून, बाबांनी ते डिंकाच्या एका थेंबाने लावलं होतं. पुढे दादाचं ते 'ड' दिसलं त्या संध्याकाळी त्यांचं बोट त्या जागी थांबलं होतं. मग त्यांनी पान उलटलं. सोमवारी दुपारी दुकान अर्ध्यावर टाकून ते आले, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक चिमट्याने ते चिटोरं न फाडता सोडवलं. एवढा वेळ उभेच होते. त्या खुर्चीत बसले नाहीत.

धाकटीला अजून वाटतं, दादाने दाखवलं. बाबांनी ते तसंच राहू दिलंय. तुम्हीही राहू द्या.

एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं. पेन्सिलीचा आवाजसुद्धा.