टाचांच्या दोन रेघा

चित्रात रेघा मोजून सहा. एक कमरेतून वाकलेल्या पाठीची, एक डोक्याला गुंडाळलेल्या पदराची, दोन जमिनीकडं गेलेल्या हातांच्या, आणि खाली टाचांच्या दोन. तोंड नाही, डोळे नाहीत, शेत नाही, आभाळ नाही. आठवीतल्या संस्कृतीनं पेन्सिलीनं काढलेला तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि मुकाट बाकावर जाऊन बसली.

मी चित्रकलेची बाई, देवळाली प्रवऱ्याची, उसाच्या मुलखातली. अकोले तालुक्यातल्या या डोंगरी शाळेत माझं पहिलंच वर्ष. वाकलेलं माणूस दिसलं, की मला ते कुणाच्या तरी पुढं वाकलेलंच दिसतं. मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठळक लिहिलं, ‘लाचार’, आणि पट्टी चित्राच्या खालच्या कडेवर डिंकानं चिकटवली. शाळेच्या प्रदर्शनात पाहुण्यांना म्हणाले, “बघा, चेहराच नाही. लाचाराला चेहरा नसतो.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. संस्कृती मागंच उभी होती.

दुपारी तिची आई जीपनं आली. चित्रापुढं थांबली नि हसायलाच लागली.

“ह्ये तर मी.”

“कशावरून?”

“टाचा बघा की बाई. मागल्या अंगाला उचलल्यात. भाताच्या आवनीला मागं मागंच सरावं लागतं. पुढं चाललं, तर लावलेली रोपं तुडवायची का?” आणि बोलता बोलता तिनं हलक्या आवाजात ओवी धरली,

“मागं मागं सरते बाई, चिखुल पायाखाली,
जिथून पाय काढीते, तिथं हिरवळ झाली.”

मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “हितं काय लिव्हलंय? मला अक्षर लागत न्हाई.”

“आवणी,” मी म्हणाले.

संस्कृतीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, सांडलेलं दूध आईच्या नजरेआड पुसून घ्यावं, तसं. “व्हय आये,” ती म्हणाली, “आवनीच हाय.”

“मग घरी न्हेते. हिच्या बापाला वाचता येतं, त्याला दावते.”

ती चित्र खिळ्यावरून काढू लागली, तशी मी तिचा हात धरला. “थांबा. खोटं वाचलं मी. तिथं ‘लाचार’ लिहिलंय. मला वाटलं, हात पसरून कुणापुढं वाकलीय.”

तिनं हात सोडवून घेतला. डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला.

“भात तुमी ताटातच बघितला म्हना की,” ती म्हणाली. जवळच्या दोघी हसल्या. ती हसली नाही. “पोरीला इचारायचं तरी, काय काढलंय म्हनून.”

मी संस्कृतीकडं वळले. मी पट्टीखाली नख घातलं नि ती ओढली. डिंक पक्का वाळला होता. ‘लाचार’ निघाला, पण कागदाचा पापुद्रा घेऊन निघाला, आणि त्याच्याबरोबर दोन्ही टाचा गेल्या.

आता खरंच कुणीतरी कुणापुढं वाकलेलं दिसत होतं.

मी पेन्सिल पुढं केली. संस्कृतीनं ती घेतली नाही.

“काढ की गं,” तिची आई म्हणाली, “दोनच तर रेघा हायेत.”

“आता न्हाई यायच्या तशा,” ती म्हणाली, आणि कागदाची सुरळी करून आईच्या पिशवीत ठेवली.