डबीच्या वाट्याची कोथिंबीर

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची डबी आहे. झाकण घट्ट, पोटाला एक पोचा, आणि स्वभावाने थोडी गर्विष्ठ. माझ्या कारखान्यातल्या बहिणी कुणाच्या घरी साखर सांभाळतात, कुणाच्या घरी लवंगा. मी मात्र एका वसतिशाळेच्या स्वयंपाकघरात आले आणि मुलांच्या आधी जेवू लागले!

तिथला नियमच तसा होता. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना डबीत भरायचा आणि काही दिवस फ्रिजमध्ये जपायचा. कोणी आजारी पडलंच, तर तपासायला तेच अन्न हाताशी असावं, म्हणून. माझ्याकडे सूपचं खातं होतं. स्वयंपाक करणाऱ्या मावशी मला भरताना टोमणा मारत, "रोज गिळते, पण अंगाला काही लागत नाही हिच्या!" पुढे ते सूप मोरीत जाई, मी उकळत्या पाण्यात. वर्षानुवर्षं मला कोणी विचारलं नाही.

मग एके दिवशी वसतिगृहातली बरीच मुलं ताप, जुलाब आणि पोटदुखीने आडवी झाली. डॉक्टरांनी आरोग्य खात्याला फोन केला. तिथून एक बाई आल्या आणि बर्फाच्या पेटीत घालून बाकीच्या पदार्थांच्या डब्यांसोबत मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. केवढा मान! इकडे मुख्याध्यापकांनी मावशींना बजावलं, "दोष तुमच्या हातचा निघाला, तर उद्यापासून येऊ नका."

माझ्यातल्या सूपमध्ये एकही रोगजंतू सापडला नाही, बाकीच्या डब्यांतही नाही. मी फुगून परत आले. मुख्याध्यापक तर माझ्याहून फुगले. "बघा, आमचं स्वयंपाकघर स्वच्छ आहे!"

बाई मात्र हलल्या नाहीत. त्या प्रत्येक मुलाला तेच प्रश्न विचारत होत्या. जी मुलं ठणठणीत होती, त्यांनासुद्धा. मुख्याध्यापक वैतागले. "अहो, ज्यांना काही झालंच नाही, त्यांना काय विचारता?"

"त्यांनी काय खाल्लं नाही, ते विचारते," बाई म्हणाल्या.

'चिमणी' नावाने ओळखली जाणारी एक खोडकर मुलगी म्हणाली, "मी सगळं खाल्लं. फक्त कोथिंबीर घेत नाही. मावशी वरून टाकायला लागल्या की मी वाटीवर हात धरते. गवत कोण खाणार!" ठणठणीत राहिलेल्या बहुतेक मुलांनी असाच हात धरला होता.

बाई स्वयंपाकघरात आल्या. "मावशी, डबीतल्या सूपवर कोथिंबीर घातली होती?"

मित्रांनो, मावशी 'हो' म्हणाल्या असत्या, तर माझ्यासारखीच कोथिंबीरही निर्दोष ठरली असती आणि त्या सुटल्या असत्या. मी श्वास रोखला. झाकण घट्ट असल्यामुळे ते मला सोपं जातं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "डबीतलं कोणी खात नाही. तिला कशाला नटवायचं? महाग आहे कोथिंबीर."

"चिरली कुठे?"

मावशींनी ओट्यावरच्या फळीकडे पाहिलं. त्याच फळीवर आधी कच्ची कोंबडी कापली होती आणि घाईत फळी नुसतीच पुसली होती. मावशींनी तेही सांगून टाकलं. फळी तपासली, तेव्हा आजारी मुलांच्या पोटात सापडलेलेच जंतू तिथे सापडले.

मुख्याध्यापक म्हणाले, "मावशी, उद्यापासून..."

"सर," बाईंनी त्यांना थांबवलं, "मावशी बदलल्या तरी फळी एकच राहील. आणखी एक फळी आणा. मावशी खरं बोलल्या म्हणून आपल्याला कळलं."

मुख्याध्यापकांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण फळी आणली. मुलं बरी झाली. मावशी आहेत, आणि मलाही आता मुलांसारखंच, वाढायच्या वेळी, वरच्या कोथिंबिरीसकट भरतात.

मी समाधानी आहे. माझं अन्न पुन्हा कोणाला तपासावं लागलेलं नाही, आणि कधी लागू नये. तुम्ही एवढंच करा: कच्च्या मांसाची फळी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. आणि कोणी विचारायला आलं, की काल काय खाल्लं, तर 'मला कुठे काय झालंय' म्हणून पळू नका. थांबा आणि सांगा. तुमच्या शेजारी झोपलेल्या आजारी मित्राला तुमचं उत्तर हवं असतं.