ज्याच्या त्याच्या खिशात

"राग मानू नका मावशी, पण तुमची पिशवी जरा बघायची आहे," साहेबांची मुलगी म्हणाली.

मावशी ओट्यापाशी कप विसळत होत्या. नळ बंद करून त्यांनी मागे पाहिलं. मुलीच्या पाठीमागे, दारात, जावई हाताची घडी घालून उभे होते. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं.

"बघा की. तिथं खुंटीला आहे."

हे आज ना उद्या होणार, याची त्यांना खात्रीच होती. साहेबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. मावशींचं निम्मं आयुष्य परक्या घरांत आजारी माणसांची उठबस करण्यात गेलं होतं. माणूस गेला की घराची नजर कशी फिरते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या खोलीत शिरल्या की बोलणं थांबायचं. कपाटांना कुलपं लागली होती. काल तर मुलीची अंगठी बेसिनच्या कडेवर, अगदी डोळ्यांत भरेल अशी, राहिली होती. "ताई, अंगठी विसरलात," मावशींनी हाक मारून सांगितलं. "असू दे तिथंच," बाहेरून लगेच उत्तर आलं. इतकं लगेच, की मावशी काय ते समजल्या. गळ आहे हे माशालाही कळतं. कळत नाही असं फक्त टाकणाऱ्याला वाटतं.

पण वस्तू खरंच हरवल्या होत्या. चांदीचे चमचे, साहेबांचा कंगवा, आणि आता घड्याळ. घड्याळ साधंसुधं नव्हतं. साहेबांनी पडद्यावर राजे केले, न्यायाधीश केले, दाढीवाले खलनायक केले, पण लोकांनी काळजात ठेवला तो एकच, भुरट्या. भर बाजारात भुरट्या एका शेठजींच्या खिशातलं घड्याळ मारतो. शेठजी नेमके त्यालाच विचारतात, "किती वाजले हो?" भुरट्या त्यांचंच घड्याळ काढून वेळ सांगतो आणि वर आस्थेनं विचारतो, "तुमचं बंद पडलंय वाटतं?" ते हे घड्याळ. संध्याकाळच्या शोकसभेत ते फोटोशेजारी ठेवायचं होतं.

जावयांनी पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, चष्म्याचं घर, घडी केलेला ॲप्रन, गुडघ्याला लावायचं मलम, नॅपकिन. नॅपकिन झटकताच त्यातून काहीतरी निसटलं आणि टेबलावर आपटलं.

घड्याळ.

"झालं समाधान?" जावई बायकोला म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. लाव नर्सिंग ब्यूरोला फोन."

हे कसं झालं असेल, ते मावशींना त्याच क्षणी कळलं. रोज संध्याकाळी घरी निघताना त्या पिशवी तपासायच्या, नॅपकिनसुद्धा उलगडून बघायच्या. ताई आणि जावई आले त्या संध्याकाळी मात्र त्या घरी गेल्याच नाहीत, त्यामुळे ते राहून गेलं. आणि नंतर आल्या-गेल्यांचं करायला म्हणून त्या इथंच थांबल्या होत्या.

"मी नाही घेतलं, ताई."

"मग काय, चालत आलं?"

"साहेबांनी ठेवलंय."

जावई हसले. "मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावणं सोपं असतं."

मुलगी हसली नाही. "बाबा असं कशाला करतील? तुम्हाला द्यायचंच होतं तर त्यांनी हातात दिलं असतं. मला सांगितलं असतं. दर रविवारी फोनवर बोलायचे ते माझ्याशी. चांगले पोटभर बोलायचे."

बोलावं तर साहेबांची झाकली मूठ उघडते, न बोलावं तर आपल्या तोंडाला काळं लागतं. मावशींनी टेबलावरचा डबा उगीचच सरळ केला. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावला जातोय, हेही त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात पॅसेजमधून वॉकरचा ठकठक आवाज आला. साहेबांची थोरली बहीण होती ती. ती याच घरात राहायची, आणि आपल्याला हवं तेवढंच ऐकायची. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"तिला काय दरडावतेस? मला विचार. चमचे माझ्या लोकरीच्या पिशवीत सापडायचे. मी आपले गुपचूप जागेवर ठेवायची. हिच्या पिशवीत सापडलं की ही ठेवायची. दोन वर्षं आम्ही दोघी या घरात उलटी चोरी करतोय."

"आत्या, काय बोलतेयस तू?"

"तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं गं." आत्या खुर्चीत बसली. "माणसं विसरला, घर विसरला. भुरट्या तेवढा विसरला नाही."

"दोघींनी मिळून छान जुळवलंय," जावई म्हणाले, पण आवाज मघाचा नव्हता.

आत्यानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "आल्या दिवशी तू कोट घातला होतास. कुठाय तो? भुरट्या चोरीचा माल कुठं ठेवायचा, आठवतंय ना?"

ते कुणाला आठवत नाही? भुरट्या सगळा माल हवालदाराच्याच कोटात दडवतो, आणि हवालदार तो अंगावर वागवत गावभर चोराला शोधत फिरतो. "ज्या खिशात हात घालायला जग घाबरतं, ती माझी तिजोरी," असं म्हणून भुरट्या त्याला सलाम ठोकतो, तेव्हा थिएटरं डोक्यावर घेतली होती लोकांनी.

जावई स्वतःच बाहेरच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या एका हातात चांदीचे चमचे होते आणि दुसऱ्या हातात कंगवा. कंगव्यात पांढरे केस अडकलेले होते.

"आम्ही आलो तेव्हा मिठी मारली होती त्यांनी मला," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी मारली नव्हती. मला वाटलं…"

त्यांनी चमचे टेबलावर ठेवले. परगावाहून दोघं आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे साहेब झोपेत गेले होते.

मुलगी मावशींकडे वळली. "आम्ही आलो त्या दिवशी तुम्ही म्हणालात, थकलेत, म्हणून बोलत नाहीत."

"हो."

"आणि रविवारचे फोन?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी शेजारी उभी असायचे, ताई. तुमचं नाव, पोरांची नावं, मागच्या खेपेला काय बोलणं झालं, सगळं कानात सांगायचे. मग ते झकास बोलायचे. फोन ठेवला की विचारायचे, सीन बरा झाला ना?"

मुलीनं खुर्चीची पाठ धरली. "म्हणजे दोन वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली.

"त्यांनीच शब्द घेतला होता," मावशी म्हणाल्या. "तेव्हा अजून कळत होतं त्यांना. म्हणाले, पोरीला मी धडधाकट आठवायला हवा."

"तुम्ही घड्याळ चोरलं असतंत ना मावशी, तर बरं झालं असतं," मुलगी म्हणाली. तिनं सगळ्या वस्तू एकेक करून पिशवीत परत भरल्या. मलमाच्या ट्यूबचं झाकण सैल होतं, तेही घट्ट केलं. "संध्याकाळी तुम्हीही चला. आमच्याच गाडीतून."

मावशींनी मान हलवली, पण मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. नजरेखाली ठेवायला नेतात की काय? का चार लोकांसमोर आपल्याच तोंडून हे वदवून घ्यायचंय? सभागृहात त्या सवयीनं मागच्या रांगेकडे वळल्या, तर मुलीनं दंडाला धरून पुढं नेलं आणि आपल्या आणि आत्याच्या मधे बसवलं. मावशी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या.

भाषणं झाली. मग दिवे गेले आणि पडद्यावर भुरट्या आला. आंधळ्या म्हातारीच्या घरात शिरलेला, तिनं लेक समजून जेवू घातलेला, आणि जाताना तिचं ताट घासून ठेवणारा भुरट्या. "भरल्या पोटी हात चालत नाही, माई," हे वाक्य अख्ख्या सभागृहानं त्याच्याबरोबर म्हटलं. मावशींना त्यातलं बरंचसं नवीन होतं. हा सिनेमा त्यांनी लोकांच्या घरी, कुणाला भरवताना, कुणाची कूस बदलताना, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला. साहेबांना उभं केलं होतं, बसवलं होतं, काखेत हात घालून मोरीपर्यंत नेलं होतं. धावताना कधी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर ते धावत होते. कौलांवरून, शिट्टी वाजवत, मागे हवालदार. समोर कौलं संपली आणि खाली गल्ली दिसली. क्षणभर कडेवर त्यांचा तोल गेला.

मावशींचा उजवा हात पिशवीवरून उठला आणि काखेखाली आधार द्यावा तसा कोपरात वाकून पुढे गेला.

भुरट्यानं उडी मारली, दोन्ही पायांवर नीट उतरला आणि मागे वळूनही न बघता गर्दीत पळाला. टाळ्या पडल्या. मावशींचा हात अजून तसाच अंधारात पुढे होता. मुलगी त्याकडेच बघत होती.